आळंदीचा कृष्णा : मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर

वैष्णवजनहो, कीर्तनकाराने संतचरित्र सांगावे, हे ठीक. गवयाचे चरित्र सांगण्याचे त्याला काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्याचे कारण आधी सांगतो. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर आपले प्रकाशे क्षेत्र आहे. त्या बाजूच्या एका गावी सप्ताहात माझे काल्याचे कीर्तन होते. पेटीवर एक चौदा वर्षांचा पोरगा बसला होता. गळा गोड, बोटे चपळ. कीर्तन आटोपल्यावर तो पाया पडला आणि हळूच विचारू लागला, की अभंगांना स्वतःच्या चाली लावाव्या असे मनात येते, तर त्यासाठी आणखी शिकलेच पाहिजे का, की आता पुरे? मोबाइलवर ऐकून त्याने शंभरेक चाली बसवल्या होत्या. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, शिकत राहा बाळा म्हणालो, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला खाऊ लागले. पोराने खरा प्रश्न विचारला होता आणि मी त्याच्या हातावर नुसता बत्तासा ठेवला होता. त्याच्या प्रश्नाचे पुरते उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. तो माणूस तुमच्या-आमच्या आळंदीचाच. म्हणून हा लेखनप्रपंच.

शके १८१९, म्हणजे इसवी सन १८९८ च्या जानेवारीची २० तारीख. श्रीक्षेत्र आळंदी येथे गणेशपंत फुलंब्रीकर यांच्या घरी मुलगा जन्मला, त्याचे नाव कृष्णा. फुलंब्री हे मराठवाड्यातले गाव. घराणे मूळचे तिकडचे, म्हणून हे आडनाव. गणेशपंत वेदविद्या जाणणारे ब्राह्मण. घरात पहाटे मंत्रांचा घोष, बाहेर इंद्रायणीच्या घाटावर टाळ-मृदंग. आता पहा, मंत्र म्हणणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट आपोआप मिळते. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांत जरा चूक झाली तर मंत्राचा अर्थच फिरतो, हे त्याच्या कानाला बोबडे बोलण्याच्या वयापासून ठाऊक होते. स्वर म्हणजे शोभेचा दागिना नव्हे. शब्दाचा जीव स्वरात असतो. हा संस्कार एका बाजूने. दुसऱ्या बाजूने कार्तिकी एकादशीला जमणारा तो सागर, दिंड्या, वीणेकरी, पखवाजाची थाप. ज्या गावी माउलींनी संजीवन समाधी घेतली, त्या गावी ऐकायचे म्हटले तर कान बंद करूनही ऐकू येते. पुढे त्या मुलाने जे केले, त्याचे बी या दोन वाफ्यांत पडले, असे मला वाटते.

परंतु मुलगा वेदपाठशाळेत रमला नाही. गळा असा होता, की तो नाटक मंडळीत गेला. तो काळ संगीत नाटकांचा होता. मंडळ्या गावोगाव फिरत आणि गोड गळ्याच्या पोरांचा शोध घेत. कृष्णा नाट्यकला प्रवर्तक मंडळीत गायक नट म्हणून दाखल झाला. वैदिकाच्या घरचा मुलगा तोंडाला रंग फासणार, म्हणजे त्या काळी केवढी गोष्ट! लोक नाके मुरडीत, नाटकात गेला म्हणजे पोर वाया गेला, असाच तेव्हाचा समज. पण देवाची योजना बघा. रंगभूमीवर या पोराने कोणाची भूमिका गाजवावी? संत सखूची! कऱ्हाडची ती सासुरवाशीण, जिच्या जागी प्रत्यक्ष पांडुरंग खांबाला बांधून घेऊन उभा राहिला. आळंदी सोडून गेलेल्या पोराला विठ्ठलाने नाटकाच्या तंबूतही सोडले नाही. लुगडे नेसून, कपाळी कुंकू लावून तो मुलगा पंढरीची ओढ गात होता आणि समोरची माणसे डोळे पुशीत होती.

त्याच मंडळीत रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व होते. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे ते शिष्य. पुढे भीमसेन जोशी यांचे गुरू झाले. कृष्णाला गाण्याचे पहिले मार्गदर्शन त्यांचे मिळाले. आता या वळणावर थोडे थांबू. मुलगा नावारूपाला आला होता. टाळ्या पडत होत्या. नावामागे ‘मास्टर’ लागले होते. त्या काळी बालनटाला मास्टर म्हणत, आणि ते बिरुद या माणसाला जन्मभर चिकटले. पोराने येथेच समाधान मानले असते तर काय झाले असते? सांगतो. नाटकातल्या पोराचा गळा म्हणजे पावसाळी नाला. सोळाव्या-सतराव्या वर्षी आवाज फुटतो आणि कालपर्यंत जो मंडळीचा लाडका असतो, त्याला उद्या कोणी पडदा ओढायलाही ठेवीत नाही. असे किती मास्टर आले आणि गेले, त्यांची नावेही कोणाला आठवत नाहीत.

हे दुःख ज्याने स्वतः भोगले होते, असाच गुरू कृष्णाला मिळाला. इ. स. १९११ मध्ये तो भास्करबुवा बखले यांच्याकडे आला. भास्करबुवांची कथा ऐकण्यासारखी आहे. बडोदे संस्थानातल्या कठोर गावी १८६९ मध्ये त्यांचा जन्म. लहानपणी तेही किर्लोस्कर मंडळीत गात. आवाज फुटला आणि किंमत संपली. दुसरा असता तर खचला असता. बुवांनी त्या अपमानाचे तप केले. बडोद्याच्या फैज महंमद खाँसाहेबांकडून ग्वाल्हेरची, नथ्थन खाँसाहेबांकडून आग्र्याची आणि अल्लादिया खाँसाहेबांकडून जयपूरची विद्या त्यांनी घेतली. एकेका उस्तादाच्या घरी सेवा केली, राबले, वाट पाहिली. तीन घराण्यांचे पाणी एका घड्यात! आणि त्या घड्याला तोंड असे मोठे, की आल्या-गेल्याने ओंजळ भरून घ्यावी. ज्या वर्षी कृष्णा त्यांच्याकडे आला, त्याच १९११ साली बुवांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. विद्या फक्त खाँसाहेबांच्या किंवा बुवांच्या पोटात राहू नये, ती घरंदाज मुला-मुलींना शिकता यावी, हा हेतू.

तेरा वर्षांचा मुलगा गुरुगृही राहिला. गुरुगृही राहणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. तेथे वेळापत्रक नसते, बरं का! पहाटे उठून खर्ज लावायचा. षड्जावर आवाज ठेवायचा तो डळमळेनासा होईपर्यंत. पुष्कळ दिवस नवी चीज मिळत नाही, तीच पुन्हा पुन्हा घोटायची. गुरू दुसऱ्याला शिकवीत असले तरी कान तिकडे. बैठकीत मागे तंबोरा घेऊन बसायचे आणि गुरूने एका जागेवर आज काय केले, काल काय केले होते, ते मनात टिपून ठेवायचे. आपल्याकडे वीणेकरी कसा उभा असतो? कीर्तन दुसऱ्याचे, पण सूर त्याच्या खांद्यावर. कितीएक वीणेकरी केवळ उभे राहून राहून कीर्तनकार झालेले मी पाहिले आहेत. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याचे तसेच असते. गीतेत ज्ञान मिळवण्याचे मार्ग म्हणून नम्रता, विचारणे आणि सेवा ही तीन सांगितली आहेत. त्यांतले मधले आपण तेवढे घेतो. विचारायला सगळे तयार. उरलेल्या दोहोंना वेळ नाही!

भास्करबुवांचा आणखी एक मोठा शिष्य होता, नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. वयाने ते कृष्णरावांहून दहा वर्षांनी मोठे, जन्म १८८८ चा. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. बुवा त्या मंडळीच्या नाटकांना चाली देऊ लागले. १९१६ चे ‘स्वयंवर’, १९२० चे ‘द्रौपदी’, यांच्या चालींनी सारा महाराष्ट्र वेडा झाला. दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या तोंडी राग आले, ते या नाटकांमुळे. कृष्णराव हे सारे जवळून पाहत होते. चाल बांधणे म्हणजे काय, याचे शिक्षण त्यांना असे मिळाले. एखादी जुनी बंदिश घ्यायची, तिचे हिंदी शब्द बाजूला ठेवायचे आणि मराठी पद त्या साच्यात बसवायचे, एवढे पुरत नाही. मराठी शब्दाचा आघात निराळा, ऱ्हस्व-दीर्घ निराळे. समेवर कोणता शब्द यावा? रुसलेल्या रुक्मिणीने तान घ्यावी की नुसता एक स्वर धरून ठेवावा? गाणाऱ्याचा दम किती? हा सगळा विचार झाला म्हणजे चाल होते. नाहीतर ती शब्दांवर टाकलेली घोंगडी होते. आत माणूस कोण आहे ते दिसत नाही.

आणि मग १९२२ साल आले. ८ एप्रिल रोजी भास्करबुवा गेले. वय अवघे ५२. पुण्याच्या संगीतावर जणू दुपारी अंधार पडला. कृष्णराव तेव्हा २४ वर्षांचे होते. विचार करा, २४ वर्षांचा शिष्य आणि समोर तीन ओझी. गुरूंचा गायन समाज चालला पाहिजे. गुरूंची विद्या विस्कटता कामा नये. आणि गंधर्व मंडळीच्या पुढल्या नाटकांना चाली कोण देणार? प्रेक्षकांचे कान भास्करबुवांच्या चालींना सोकावलेले. थोडे उणे पडले की लोक म्हणणार, गेले ते दिवस! त्यातून गायचे कोणी? ज्यांच्या नुसत्या प्रवेशाला लोक श्वास रोखीत, त्या बालगंधर्वांनी. मोठ्या गुरुबंधूला धाकट्याने चाल सांगायची. मनात आणले असते तर बालगंधर्व म्हणू शकत होते, की हा कालचा पोर मला काय शिकवणार? परंतु तसे झाले नाही. धाकट्याच्या हातात गुरूंचा हात आहे, हे मोठ्याने ओळखले आणि त्याच्या चाली डोक्यावर घेतल्या. मला या प्रसंगात भरताची आठवण होते. पादुका सिंहासनावर ठेवल्या म्हणजे राज्य कोणाच्या वयाचे हा प्रश्न उरत नाही. गंधर्व मंडळीत हेच घडले.

‘आशा-निराशा’, १९२५ चे ‘नंदकुमार’, १९२६ चे ‘मेनका’, ‘विधिलिखित’, ‘अमृतसिद्धी’ अशी नाटके एकामागून एक आली. कृष्णरावांनी गुरूंची नक्कल केली नाही, ही त्यांतली मोठी गोष्ट. बुवांची चाल भरदार, वटवृक्षासारखी. कृष्णरावांची चाल चपळ, खेळकर. ओळखीच्या रस्त्याने जाता जाता ती एकदम भलत्याच बोळात शिरते, आपण हसतो, तोवर ती समेवर येऊन उभी असते. त्यांचे बैठकीचे गाणेही तसेच असे. लय त्यांच्याशी लपंडाव खेळे. मूल जसे आजीच्या पदराआड लपते आणि मग खुदकन बाहेर येते, तशी त्यांची तान. पण खेळणारे ते मूल घरंदाज होते; रागाची मर्यादा त्याने ओलांडली नाही.

आता, सज्जनहो, जे सांगण्यासाठी मी बसलो ते सांगतो. १९३१ साली नारायण विनायक कुलकर्णी यांचे ‘कान्होपात्रा’ नाटक गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले. मंगळवेढ्याच्या गणिकेची ती मुलगी. बेदरचा बादशहा तिला नेऊ पाहतो, आणि ती पांडुरंगाच्या पायावर देह ठेवते. राऊळाजवळचे ते तरटीचे झाड तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. कान्होपात्रेच्या भूमिकेत बालगंधर्व. चाली मास्टर कृष्णरावांच्या. यात संतांचे अभंग होते. आता अभंग म्हणजे आपले घरचे धन. आपल्याकडे ते पिढ्यान् पिढ्या दिंडीत, चालीवर, टाळाच्या ठेक्यात म्हटले जातात. त्यांना नाटकाच्या चाली लावायच्या, म्हणजे काचेचे भांडे हातात घेऊन उतारावरून धावणे. थोडे गाणे जास्त झाले तर भक्ती सांडते. गाणे कमी झाले तर थिएटरातल्या श्रोत्यांपर्यंत पोचत नाही.

कृष्णरावांनी काय केले? राग ठेवला, पण शब्दाला पुढे बसवले. कान्होपात्रेच्या धाव्यात तान आहे, परंतु ती बुडणाऱ्या माणसाने हात वर करावा तशी आहे. चोखोबारायांच्या जोहारात नम्रता अशी आहे, की ऐकणाऱ्याची मान आपोआप लवते. मागे साथ कोणाची असे, ठाऊक आहे? गंधर्व मंडळीच्या त्या वैभवाच्या काळात अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर असत. विठ्ठलाला हाक मारायला असे सगळे हात लागले.

तरुणपणी मी नाटकी चालींचा कट्टर विरोधक होतो. आमच्या पाठशाळेत नाट्यपद गुणगुणले तरी छडी मिळे, आणि ती छडी मी पुढे कीर्तनात बरीच वर्षे इतरांवर उगारली. एकदा आपल्याच भागात, उसाच्या शेतात रात्रीचे पाणी भरणारा एक म्हातारा शेतकरी तो जोहार गाताना मी ऐकला. चाल कृष्णरावांचीच होती. त्याने नाटक पाहिले नव्हते, पुणे पाहिले नव्हते, चाल कोणाची हे त्याला माहीत नव्हते. अंधारात, चिखलात उभा राहून तो चोखोबांचे शब्द देवाला सांगत होता. मी बांधावर थांबलो. माझी छडी त्या रात्री गळून पडली. चाल नाटकातून आली की दिंडीतून, हे विचारायचे नसते. ती माणसाला पंढरीकडे नेते का, एवढे पाहायचे असते.

पुढचे चरित्र थोडक्यात सांगतो. १९३५ मध्ये प्रभात कंपनीने नाथमहाराजांवर ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक शांताराम, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व आणि संगीत मास्टर कृष्णरावांचे. त्याचे नाव आधी ‘महात्मा’ असे होते, ते सरकारला खपले नाही, म्हणून बदलावे लागले. पुढे ‘अमरज्योती’, ‘गोपाळकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे चित्रपट आणि १९४२ चे ‘कुलवधू’ नाटक त्यांच्या चालींनी घरोघर गेले. गुरूंनी लावलेला भारत गायन समाज त्यांनी सांभाळला आणि ‘रागसंग्रह’ या पुस्तकमालेतून बंदिशी स्वरलिपीसह छापून सर्वांसाठी मोकळ्या केल्या. ज्या विद्येसाठी गुरूंनी उस्तादांची दारे झिजवली, ती शिष्याने पुस्तकाच्या किमतीला दिली! राम मराठे, योगिनी जोगळेकर यांच्यासारखे शिष्य तयार केले.

‘वंदे मातरम्’ हा तर त्यांचा ध्यासच झाला. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई नभोवाणीवर ते हे गीत गाऊ लागताच ध्वनिक्षेपण मध्येच तोडण्यात आले. कृष्णरावांनी नभोवाणीवर गाणेच सोडले; स्वातंत्र्य मिळाल्यावरच ते तेथे परत गेले. आपल्या नंदुरबारला या गोष्टीचे मोल कोणी सांगायला नको. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती याच घोषणेसह गोळ्यांना सामोरे गेले. पेटीवरच्या त्या पोराहून शिरीषकुमार फार तर वर्ष-दीड वर्षाने मोठा. स्वातंत्र्यानंतर, हे गीत समूहाला गाता येत नाही, वाद्यवृंदावर वाजत नाही, असा आक्षेप निघाला. कृष्णरावांनी झिंझोटी रागात अशी चाल बांधली, की हजारांनी एकत्र म्हणावी आणि बँडवरही वाजावी. ती त्यांनी दिल्लीस जाऊन संविधान सभेच्या सदस्यांना ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत म्हणून ‘जन गण मन’ ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला तेवढाच मान देण्यात आला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेला चाल दिली, १९५६ साली. वैदिकाच्या घरचा मुलगा, चोखोबांच्या जोहाराला चाल देणारा, तोच बुद्धवंदनेलाही स्वर देतो. माउलींच्या गावचे पाणी असे वाहते. ते कोणाचा उंबरठा पाहून थांबत नाही.

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांनी देह ठेवला.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. आणखी शिकले पाहिजे का? बाळा, कृष्णाला नाटकात टाळ्या मिळत होत्या, तेव्हा तो गुरूच्या दारात जाऊन पुन्हा पहिल्या स्वरापासून बसला. त्यानंतर अकरा वर्षे त्याला गुरूंचे छत्र मिळाले. ते छत्र गेले, त्या दिवशी त्याच्याजवळ स्वतःची चाल होती, कारण गुरूची प्रत्येक चाल त्याच्या हाडात मुरली होती. शिकणे संपल्यावर चाल सुरू होते, असे नाही. शिकण्याच्याच पोटी चाल जन्मते. मोबाइलवरच्या शंभर चाली तू ऐकल्यास, ते चांगलेच. पण त्या चालीतला कोणता शब्द समेवर आहे आणि तो तेथेच का आहे, हे विचारायला समोर माणूस लागतो. तो तुझी चूक ऐकतो. मोबाइल तुझी चूक ऐकत नाही.

पुढच्या सप्ताहाला त्या गावी जाईन तेव्हा हे सारे त्याला सांगेन. यंदा कार्तिकीला आळंदीस येईल तर त्याला बरोबर नेईन. इंद्रायणीच्या घाटावर पहाटे बसवीन आणि तासभर काहीही न गाता नुसते ऐकायला सांगेन. कृष्णाचा पहिला धडा तोच होता.

रामकृष्ण हरी!